१२ वर्षांची स्प्लेंडर बिनतक्रार चालते आहे. साडेतीन लाखांची नवी बाइक घ्यायची आहे, पण सेन्सरच्या भानगडींची भीती वाटते. काय करू?

घ्या. पण स्प्लेंडर विकू नका. नवी घेणं आणि जुनी स्प्लेंडर ठेवणं, दोन्ही मी करून बसलोय, म्हणून सांगतो.

माझी नवी गाडी तुमच्याच बजेटमधली. कंपनीचं नाव सांगत नाही, भांडण मिटलंय. पहिले तीन महिने स्वर्ग. मग कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात एका वळणावर इंजिन बंद. डिस्प्ले काळा, मागे वाळूचा डंपर. बाजूला घेतली, चावी बंद-चालू केली, तर गाडी चालू! जणू काही झालंच नाही. चिपळूण येईपर्यंत हेच आणखी दोनदा.

सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड काही सापडेना. कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असं तिथलं शास्त्र. आधी बॅटरी बदलली. मग टाकीतला फ्युएल पंप. मग ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, मागवला आणि गाडी ४१ दिवस तिथेच पडून. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जात होता. ईसीयू बसवला, आणि आठवड्यात गाडी परत बंद.

शेवटी तिथल्याच एका पोरसवदा मेकॅनिकने मला विचारलं, "सर, बंद पडते तेव्हा हँडल कुठल्या बाजूला असतं?" चार फेऱ्यांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. उजवीकडे! हेडलाइटच्या मागे वायरिंगची जुडी प्लॅस्टिकच्या पट्टीने इतकी आवळली होती की हँडल पूर्ण उजवीकडे वळलं की वायर फ्रेमवर घासायची. आवरण सोलून तांबं उघडं पडलं होतं. हायवेला सरळ जाताना काही नाही, घाटात हमखास. टेप, नवी पट्टी, अर्धा तास. तेव्हापासून ११ हजार किलोमीटर झाले, एकदाही बंद नाही.

म्हणजे ज्या सेन्सरांना आपण शिव्या घालतो, त्यांचा यात काडीचा संबंध नव्हता. पण गोष्ट इथेच संपत नाही.

वायर घासण्याचा आजार स्प्लेंडरलाही होतो. वडिलांच्या हीरो होंडाला झाला होता, पाटणच्या अलीकडे. रस्त्याकडेच्या मेस्त्रींनी चावीच्या लॉककडून येणारी काळी-पांढरी वायर उपटली, किक मारली, गाडी चालू. त्या गाड्यांच्या सीडीआयला, म्हणजे प्लगची ठिणगी पाडणाऱ्या डबीला, वीज मॅग्नेटोकडून मिळते, आणि तो इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज बनवतो. बॅटरी मेली तरी किकवर चालते आणि लॉकची ती वायर फक्त इंजिन बंद करायचं काम करते. नव्या गाडीत पंप, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, ईसीयू सगळे बॅटरीच्या विजेवर. ती वीज एका जागी तुटली की सगळंच थांबतं, आणि किक तर बहुतेक गाड्यांतून गेलीच आहे. बिघाड तोच, पण जुन्या गाडीत १० मिनिटं आणि चहा, नव्यात ४१ दिवस.

आता जुन्याची आरती ओवाळायची नाही. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या गाड्या म्हणजे टिकलेल्या गाड्या. बाकीच्या कधीच भंगारात गेल्या. आजोबांची राजदूत आठवतेय, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, दर थोड्या दिवसांनी काळा पडलेला प्लग घासा. त्यांना १९८५ ला आलेली हीरो होंडाची सीडी हंड्रेडच 'जपानी नखरा' वाटायची! आणि ब्रेक? एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या बाइकना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. पावसात एसटीने अचानक ब्रेक मारला तेव्हा त्या एबीएसनेच मला वाचवलं. ड्रम ब्रेकवर मी आडवा झालो असतो. शिवाय तुमच्या गाडीला १५ वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण, पर्यावरण कर हे आलंच.

बुकिंगआधी एवढं पाहा. मॉडेल बाजारात येऊन निदान वर्ष झालेलं असू द्या. पहिल्या लॉटची परीक्षा दुसऱ्यांना देऊ दे. शोरूम कुठे आहे ते नव्हे, सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते विचारा. बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवर धूळ किती साचली आहे तेही बघा, त्यावरून स्पेअर यायला किती दिवस लागतात ते कळतं. वॉरंटीत असेपर्यंत फॉग लॅम्पसाठी कोणालाही वायर कापू देऊ नका.

गाडी आत देताना जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' लिहिलं तर सही करू नका. मी पहिल्या दोन वेळा केली, आणि नंतर कंपनीला मेल लिहिताना हातात पुरावाच नव्हता. तिसऱ्या वेळी 'चालत्या गाडीत इंजिन बंद होते, घाटात, तीन वेळा' असं लिहून घेतलं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली तेव्हा कुठे कंपनीचा माणूस स्वतःहून फोन करायला लागला.

आणि स्प्लेंडर ठेवा म्हटलं ते भावनेपोटी नाही. ते ४१ दिवस मी रोज कामावर माझ्या जुन्या स्प्लेंडरवरच गेलो. विकून येऊन येऊन किती येणार? माझ्या नव्या गाडीचे दोन टायर आले तरी पुष्कळ.