वचन सांगायची घाई नको

बायबलच्या आधारे समुपदेशन सुरू करताय, छान. बायबल हाताशी असू द्या, पण लगेच उघडू नका. नवख्यांची नेहमीची चूक हीच, समोरच्याचं अर्धं ऐकलं की बायबलचं वचन तोंडावर तयार. मूल गमावलेल्या आईला रोमकरांस ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून कल्याणकारक होतं, असं सांगणारं वचन) ऐकवू नका, निदान इतक्यात तरी नाही. वचन खरंच आहे, पण तिला ते ‘आता रडू नकोस’ असंच ऐकू येतं.

ईयोबाचे मित्र आठवा. ईयोब म्हणजे बायबलमधला, मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेला नीतिमान माणूस. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तिथवर ठीक होतं. मग बोलायला लागले, त्याच्या दुःखामागे त्याचंच पाप शोधू लागले आणि शेवटी देवाचा राग ओढवून बसले. अशा दुःखी माणसासोबत स्तोत्र ८८ वाचून बघा. ते अंधारातच संपतं. देवाशी असंही बोलता येतं, हे कितीतरी विश्वासणाऱ्यांना ठाऊकच नसतं!

सध्या एवढंच सांभाळा:

- एका भेटीत एकच उतारा, तोही मागचापुढचा भाग स्वतः वाचून.
- ‘आत्ता वाचलं तर चालेल?’ असं आधी विचारा. नको म्हणाले तर नको.
- झोप-जेवणाची चौकशी करा. १ राजे १९ मध्ये मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं.
- घरात मारहाण होत असेल तर क्षमेची वचनं बाजूला ठेवा, आधी सुरक्षित जागा. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बायबलच्या मूळ भाषा, समुपदेशनाच्या पद्धती वगैरे नंतर बघू.