'आमची ऋणे सोड' मधलं ऋण

प्रश्न असा: दादरच्या चर्चमध्ये सहकाऱ्याच्या अंत्यविधीला मराठी प्रार्थनेत 'तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' असं ऐकलं. मागायची पापांची क्षमा, मग ऋण कुठून आलं?

ऋण मुळातच आहे. येशूने शिकवलेली ही प्रार्थना बायबलमध्ये मत्तय आणि लूक या दोघांनी लिहिलेल्या येशूचरित्रांत येते. मत्तयाच्या ग्रीक पाठात इथे देणं या अर्थाचा शब्द आहे. लूकने त्याच जागी पाप म्हटलं. येशूच्या अरामी बोलीत देणं आणि पाप यांना 'होबा' हा एकच शब्द चाले. क्षमेचं ग्रीक क्रियापदही 'सोडून देणं' याच अर्थाचं.

आपल्याला खटकतं, कारण मराठीत ऋण फार सोज्वळ झालंय. सत्काराला उत्तर देताना लोक 'आपल्या ऋणातच राहू इच्छितो' म्हणतात! प्रार्थनेतलं ऋण म्हणजे साधी उधारी. आणि पाप हे देणं असतं, हे आपल्या भाषेला ठाऊकच आहे. 'कुठे फेडशील ही पापं?' हे कोणत्या घरात ऐकलेलं नाही?

खरा फरक क्रियापदाचा. फेडतो तो देणेकरी, सोडतो तो धनको. मत्तयाच्या १८व्या अध्यायात येशू एक गोष्ट सांगतो. तीत एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांतांचं देणं आहे. एक तालांत म्हणजे ६,००० दिनार आणि दिनार ही एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी झाली. तरी चाकर पाया पडून 'सगळं फेडीन' म्हणतो. राजाला कळवळा येतो आणि तो सोडून देतो. ख्रिस्ती श्रद्धेत देव पापाकडे असा बघतो: देणं खरं, रक्कमही खरी, पण माणसाच्याने फिटणारी नाही.

सोडणं फुकट नसतं, हे मी लालबागला पाहिलं. १९८२च्या गिरणी संपात आमची उधारी वाढत गेली. शेवटी वाण्याने वही उघडली, आमच्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढली आणि आईला म्हणाला, "ताई, हे राहू दे." तांदूळ आमच्या पोटात गेले होते, पैसे त्याच्या गल्ल्यातून. बायबलमधल्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात देवाने आपल्याविरुद्धचा देण्याचा लेख वधस्तंभाला, म्हणजे येशूच्या क्रूसाला, खिळला असं म्हटलंय, ते मला त्या रेघेमुळे समजलं. नुकसान धनकोने स्वतः सोसलं.

म्हणून 'ऋणे' जड वाटत असेल तर खुशाल 'देणी' म्हणा. 'सोड' मात्र बदलू नका.