सरकारी अनुदानाच्या भरवशावर पहिला मराठी चित्रपट काढावा का?

नाही, त्या भरवशावर काढू नका. मी मुंबईत चित्रपटनिर्मितीचे हिशेब पाहते. अनुदानाची वाट आधी चित्रपट पूर्ण करा, सेन्सॉरचं प्रमाणपत्र घ्या, मग गोरेगावच्या चित्रनगरीत अर्ज करा अशी आहे. परीक्षण समितीने दर्जा दिला तरच पैसे. तोवर कॅमेराभाडं, युनिटचं जेवण, रोजंदारी सगळं तुमच्याच खिशातून जातं, आणि भांडवल व्याजाने उचललं असेल तर मीटर चालूच. त्यापेक्षा पटकथेवर लवकर भागीदार शोधा. एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, गोव्यातल्या फिल्म बाजारात (आता वेव्हज फिल्म बाजार) सहनिर्मितीसाठी प्रकल्प मांडता येतात. आणि लेखक-संगीतकारांचे करार लेखीच हवेत, त्याशिवाय हक्क विकताना व्यवहार अडतो. मात्र अर्ज जरूर करा, मिळालं तर पुढच्या चित्रपटाला मोठा हातभार लागतो.