बॅलन्सिंग दोनदा करूनही ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, नेमकं काय तपासावं?

तुमची गाडी २००९ ची, पुणे रोडला ८० च्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरतं, दोनदा बॅलन्सिंग-अलाइनमेंट झालं आणि आता मिस्त्री अख्खं पुढचं सस्पेन्शन बदला म्हणतोय. एवढ्यात पैसे घालू नका. अलाइनमेंट बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. थरथर सहसा त्याने येत नाही.

आधी ती नेमकी कधी येते ते पकडा. सकाळी रस्ता मोकळा असताना पुणे रोडवर मोहोळ गावापर्यंत जाऊन या. ब्रेक दाबल्यावरच हादरत असेल तर ब्रेकची डिस्क. इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीतही जाणवत असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार. आणि ठरावीक वेगाला येते, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी तशीच राहते, असं असेल तर चाक नाहीतर टायर. मग पुढची चाकं त्याच बाजूला मागे टाका, मागची पुढे. थरथर स्टेअरिंग सोडून सीटखाली आली तर चोर सापडला, दोष मागे टाकलेल्या त्या चाकांतच. वाकलेली रिम किंवा आतून फुगलेला टायर बॅलन्सिंग मशिनवर शून्य दाखवूनही रस्त्यावर नाचतो. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. आपल्याकडच्या उन्हात गाडी नुसती उभी राहिली तरी रबर कडक होतं, त्यामुळे फक्त नक्षी बघून टायर चांगला समजू नका.

माझं दुखणं मात्र वेगळंच निघालं. तीन महिने मी टायरच्याच मागे होतो, दोन नवे टाकले, फरक काहीच नाही. एकदा आईला तुळजापूरला नेत होतो. घाटात तिसऱ्या गिअरला, पन्नासच्याही आत, ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचं नाक डावी-उजवीकडे हलायचं. पाय काढला की लगेच शांत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की चाक दोषी असतं तर पाय काढल्यावर असं गप्प बसलं नसतं. आमच्या मिस्त्रीचाचांनी डाव्या एक्सलचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा, गिअरबॉक्सकडचा जॉइंट उघडला. जॉइंटवरचं रबरी आवरण, ज्याला बूट म्हणतात, ते फाटून ग्रीस कधीच उडून गेलेलं. जॉइंटचा वाटीसारखा कप कपड्याने पुसून त्यांनी माझं बोट धरून आत फिरवलं. रोलर धावतात त्या जागी नखाला अडेल एवढा खड्डा पडला होता. जॉइंट बदलला, थरथर गेली. तुम्हीही वाकून दोन्ही बूट बघा, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे आहेत का तेही.

एक तपासणी मात्र आजच करून घ्या. गॅरेजमध्ये पुढचं चाक जॅकवर उचलायला सांगा. वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं तर चाकाचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा), डावी-उजवीकडे खडखडलं तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा). असं काही निघालं तर ते बदलेपर्यंत गाडी हायवेला काढू नका.