गल्लीतला स्पीड आणि आपण शेजारी

प्रश्न : आमच्या कॉलनीतला रस्ता मेन रोडला शॉर्टकट आहे, त्यामुळे शाळेच्या वेळेला टू-व्हीलर, कार इतक्या सुसाट जातात की नातवाला समोरच्या दुकानात पाठवायची हिंमत होत नाही. मागच्या महिन्यात एका काकांना स्कूटरचा धक्का लागला, हाताला प्लास्टर आहे. आता लोक म्हणतायत वर्गणी काढून आपणच स्पीड ब्रेकर टाकू, आणि दोन-तीन पोरं गाड्या अडवायला तयार आहेत. करावं का? – एक आजी, पुणे

उत्तर : आजी, दोन्ही नको. तुमचा राग अगदी खरा आहे, पण पोरं चालत्या गाडीसमोर गेली तर पुढचं प्लास्टर त्यांनाच. आणि रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाने स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मध्ये फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, वर पट्टे, अलीकडे बोर्ड. आपण टाकतो तो अरुंद उंचवटा, रात्री दिसत नाही आणि मागे एका बाजूला बसलेली बाई आधी पडते.

ब्रिटनमध्ये कम्युनिटी स्पीडवॉच चालतं ते मला फार आवडतं. गावातलेच लोक झगझगीत जॅकेट घालून पोलिसांनी ठरवून दिलेल्या जागी उभे राहतात, स्पीड आणि नंबर टिपतात, कोणालाही अडवत नाहीत. मग पोलीस गाडीमालकाला पत्र पाठवतात, दंड नाही, नुसती समज.

आपल्याकडे तसं पत्र जाणार नाही, पण मोजता तर येतं ना! फुटपाथच्या कडेला टेपने ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूची खूण करा. एकाने पहिल्या खुणेपाशी हात वर करायचा, दुसऱ्याने दुसऱ्या खुणेपाशी मोबाईलवर स्टॉपवॉच चालवायचं. ६ सेकंद लागले तर ताशी ३० किलोमीटर, ३ सेकंद लागले तर ६०. आणि ६० ला ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तरी गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते, तेवढ्यात पोरगं रस्त्यात आलं तर काय करणार? आठवडाभर शाळेच्या वेळेला हे गाडीच्या नंबरासकट वहीत लिहा. यावरून कोणाला चलान लागणार नाही, त्याला पोलिसांचीच स्पीड गन लागते, पण 'गाड्या जोरात जातात' अशा अर्जापेक्षा वेळ आणि आकडे असलेला अर्ज टाळणं अवघड जातं.

आणि हो, वहीतले नंबर बघताना आपल्याच पार्किंगमधले सापडतील, माझा तसाच अनुभव आहे. त्यांच्या घरी जाऊन शांतपणे बोला, चारचौघात नको. अठराच्या आतलं पोरगं गाडी चालवत असेल तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे बऱ्याच आईबाबांना माहीतच नसतं.

अर्जाची एक प्रत वाहतूक शाखेला आणि एक महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्या, सोबत वहीची झेरॉक्स जोडा, मागणीत नियमातला स्पीड ब्रेकर आणि शाळेच्या वेळेला स्पीड गन दोन्ही लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. काकांच्या हाताला लवकर आराम पडो.