पोकलेनचा सेल्फ स्वतः बदलता येईल का?

येईल. सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर, ती काढणं-बसवणं म्हणजे दोन-तीन बोल्ट आणि दोन-तीन वायरी, ज्याला पाना धरता येतो त्याला जमतं. पण तुम्ही लिहिलंय की २० टनी पोकलेन आहे, सकाळी चावी फिरवली की नुसतं टक वाजतं, तीन-चारदा मारल्यावर कधीतरी एकदम उचलतं आणि मिस्त्री म्हणतोय सेल्फ गेला, नवीन टाका. एवढ्यावरून सेल्फ गेलाच असं मी तरी म्हणणार नाही. मी या मशीनींवरच फिटरचं काम करतो आणि गेलेला म्हणून खोललेला सेल्फ टेबलावर बॅटरी लावली की मस्त फिरतो, हे मी बऱ्याचदा बघितलंय.

एका लोडरचा सेल्फ मी बदलला होता. महिनाभर चांगला चालला आणि परत तेच टक. दुसरा टाकला, त्याचंही तेच झालं. मग मी खाली शिरून इंजिनपासून चॅसीला जाणारी अर्थची केबल हाताने चाचपली, नुकताच सेल्फ मारलेला होता, तर बाकी केबल गार आणि लगजवळ, म्हणजे केबलच्या टोकाच्या बोल्टात बसणाऱ्या कडीजवळ, चटका बसेल एवढी गरम. लग सोडवला तर खाली रंगाचा थर, बोल्टभोवती हिरवी पावडर आणि आतल्या निम्म्या तारा तुटलेल्या, वरचं रबर मात्र नव्यासारखं. केबल बदलली, लगची जागा घासून लखलखीत केली आणि काढून ठेवलेला पहिलाच सेल्फ परत बसवला, तो नंतर कुरकुर न करता चालला. त्या मालकाचा खर्च फुकट गेला याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

तर पाना उचलायच्या आधी मल्टीमीटर उचला. तुमच्या मशीनला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील, म्हणजे २४ व्होल्ट सिस्टिम. चार्ज असलेल्या बॅटऱ्या नुसत्या उभ्या असताना २५ च्या वर दाखवतात. मशीन न्यूट्रल, बकेट जमिनीवर, सेफ्टी लिव्हर लॉक, इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल बंद, आणि एकाला चावी मारायला सांगा. मारताना व्होल्टेज १९ च्या खाली गेलं तर आधी बॅटऱ्या बघा, प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा, दोनातली एकच बसलेली असते आणि दुसरी तिच्यामुळे बदनाम होते. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नाही, खांबावरच, आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर, परत मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थमध्ये लोच्या आहे. असंच बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजा. आणि चावी मारल्यावर बारीक वायरीला पूर्ण करंट येतो का तेही बघा, नाहीतर दोष रिलेचा (करंट सोडणारा छोटा स्विच) किंवा चावीच्या स्विचचा असायचा.

हे सगळं बरोबर आलं आणि तरी नुसतं टक, फिरत नाही, तर मात्र सेल्फच. तीन-चारदा मारल्यावर उचलतो म्हणजे बहुतेक कार्बन (मोटरला आत करंट देणारे ब्रश) घासलेत किंवा सॉलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फवरच बसलेल्या मोठ्या चुंबकी स्विचच्या, आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत. टकटकटक असं भराभर वाजत असेल तर ते जास्त करून बॅटरी कमजोर असल्याचं लक्षण असतं.

एक हात जोडून सांगतो, स्क्रूड्रायव्हर लावून सॉलेनॉइडचे दोन बोल्ट शॉर्ट करून मशीन चालू करू नका. मशीन न्यूट्रलला नसेल तर ते तिथेच अंगावर येतं, न्यूट्रलचं सेफ्टी सर्किट तुम्ही स्वतःच बायपास केलेलं असतं, आणि माणसं यात खरंच गेलीत.

आता बदलायचं. इंजिन गार होऊ द्या, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. मेन स्विच बंद करा आणि तरीही बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर पानाच वितळतो. वायरींचा मोबाईलवर फोटो काढा. जाड केबलचा नट सोडवताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, तो बोल्ट आत फिरला तर सॉलेनॉइडचं झाकण तडकतं आणि चांगला सॉलेनॉइड हातानेच मारला जातो. सेल्फ १०-१५ किलोचा सहज असतो, इंजिन मोठं असेल तर आणखी जड, म्हणून वरचा बोल्ट शेवटी काढा आणि खाली कोणाचा तरी हात किंवा ठोकळा असू द्या. छातीवर घ्यायचा नाही.

सेल्फ बाहेर आला की घाई करू नका, त्या भोकातून टॉर्च मारून फ्लायव्हीलचा रिंग गिअर (सेल्फ ज्याला धरून इंजिन फिरवतो ती दातेरी कडी) बघा, इंजिन हाताने पूर्ण एक फेरा फिरवून. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण ठरलेल्या दोन जागी थांबतं, सहा सिलिंडरचं तीन जागी, म्हणून दात तेवढ्याच ठिकाणी खाल्लेले सापडतात आणि बाकी रिंग नवीकोरी दिसते. एका जागी बघून ठीक आहे म्हणणारा हमखास फसतो. दात गेलेले असतील तर नवीन सेल्फचं पिनियनही (पुढचं छोटं दातेरी चाक) ते खाणार. आत ऑईल दिसलं तर मागचं सील गळतंय, ते ऑईल सेल्फमध्ये शिरून कार्बन खराब करतं.

नवीन सेल्फ जुन्याच्या शेजारी ठेवून जुळवा: व्होल्ट, पिनियनचे दात मोजून, फिरायची दिशा, बोल्टची भोकं, नाकाची लांबी. एखादा दात कमी-जास्त असेल तर परत करा, चालवून घेऊ नका. बसायच्या तोंडावरचा रंग आणि गंज घासून काढा, बऱ्याच सेल्फचा अर्थ तिथूनच जातो. मध्ये शिम (पातळ पत्र्याची चकती) असेल तर तीच परत. बोल्ट आधी हाताने आट्यात घ्या, सेल्फ पूर्ण टेकल्यावरच आवळा, बोल्टने ओढून बसवाल तर फ्लँज तडकते. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा डिझेल बंद ठेवून पाचेक सेकंद मारून आवाज ऐका, करकर आली तर थांबा. पुढे एका वेळी १०-१५ सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये दोन मिनिटं गार होऊ द्या, आणि इंजिन उचललं की चावी लगेच सोडा. ऑपरेटरलाही हे समोर उभं राहून दाखवा.

जुना सेल्फ भंगारात देऊ नका. आर्मेचर (आतला फिरणारा वाइंडिंगचा भाग) जळलेलं नसेल तर कार्बन, बुश आणि सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बदलून तो परत उभा राहतो, आणि साईटवर दुसरा तयार सेल्फ ठेवलेला असला की सकाळी मशीन अडकत नाही.