क्षमा केली म्हणजे नांदायला जायचंच का?

सोलापुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती बायका वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारतात. "ताई, मी त्याला क्षमा केली नाही तर देव मला क्षमा करणार नाही ना?" थोडं बोलणं झालं की त्यामागचा प्रश्न बाहेर येतो, "आणि क्षमा केली तर मला परत नांदायला जावं लागेल का?" पहिल्या प्रश्नाची भीती या दुसऱ्यातून आलेली असते. ही गाठ सुटल्याशिवाय प्रार्थनाही होत नाही आणि झोपही लागत नाही, हे मी इतक्या जणींत पाहिलंय की एकीची गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटली. तिची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती शहरातल्या एका पतसंस्थेत कर्जविभागात काम करते. माहेर अक्कलकोट रोडला. आईने टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करून मुलींना शिकवलं. नवरा पुण्याला. दारू, मग मारहाण, मग रडून माफी, मग पुन्हा दारू. एका रात्री मुलाच्या डोळ्यांदेखत त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. सकाळी ती मुलाला घेऊन सोलापूरच्या गाडीत बसली.

माझ्याकडे ती मारहाणीबद्दल बोलायला आली नव्हती. म्हणाली, "रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली की 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथे माझा आवाजच बंद होतो. नुसते ओठ हलवते. प्रभुभोजनाच्या रविवारी तर मी मागच्या मागे निघून जाते. मी ढोंगी आहे का, ताई?"

"क्षमा केली नाहीस, हे तुला कुणी सांगितलं?"

"चर्चच्या मंडळीतले एक काका आहेत. म्हणाले, बाळ, प्रभूने सत्तर वेळा सात क्षमा कर सांगितलंय, तू मोजत बसलीस. दोष काढू नकोस, घरी जा. आईचंही तेच. पोरीचं नांदणं मोडलं की ओ, म्हणून रडते."

अशा घरांत 'दोष काढू नका' हे वचन फार वापरलं जातं, आणि ते नेहमी मार खाणाऱ्यालाच ऐकवलं जातं. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात येशू ते बोलला, पण तिथेच थांबला नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं तो पुढे म्हणतो. कुसळ काढायचंच आहे, फक्त डोळे स्वच्छ करून. त्याच अध्यायात झाड फळांवरून ओळखा असंही आहे. सत्तर वेळा साताचं वचन अठराव्या अध्यायात येतं, पण त्याच्या आधी काय आहे ते क्वचितच कुणी वाचून दाखवतं: भावाने अपराध केला तर जाऊन त्याला दोष दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे, तरीही ऐकलं नाही तर मंडळीला कळव. एखाद्या माणसाचा शेवटचा निवाडा करणं आपलं काम नाही, हे मी मनापासून मानते. पण 'त्याने मला मारलं' हे म्हणणं निवाडा नव्हे, ती साक्ष आहे.

हे सगळं मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. घायाळ माणसाला वचनांनी वचनं खोडून दाखवली की तो अजूनच एकटा पडतो. उत्तर माणसाच्या आत असतं, आपण फक्त त्याच्या वाटेतले दगड उचलायचे, अशी माझी कामाची श्रद्धा आहे. म्हणून मी तिला तिच्याच कामाबद्दल विचारलं.

"तुमच्याकडे कधी कुणाचं देणं सोडतात का?"

"सोडतात की. तडजोड होते, व्याज सोडतात, कधी मुद्दलातलंही सोडतात. खातं बंद."

"त्याआधी काय करता?"

"किती थकलंय ते काढतो. त्याशिवाय सोडणार काय?" एवढं बोलून ती थांबली. मग बराच वेळ रडली. शेवटी म्हणाली, "मला कुणी हिशेबच काढू दिला नाही, ताई. सगळे म्हणतात सोड, सोड. किती होतं ते कुणी विचारलंच नाही."

पुढच्या बैठकांत तिने तो हिशेब काढला. कानशिलात मारलेलं, सासूसमोर काढलेली लाज, विकलेलं मंगळसूत्र, मुलाचं रात्री दचकून उठणं. मी लिहून घेत होते आणि मध्ये काही बोलत नव्हते. क्षमेची सुरुवात अशीच होते, असं माझा अनुभव सांगतो. काय गेलं हे ज्याने धड पाहिलेलं नाही, तो क्षमा करत नाही, फक्त गिळतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांनी क्षमेवर अनेक दशकं काम केलं. क्षमा आणि पुन्हा जुळणारं नातं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तेही ठामपणे सांगतात. क्षमा एकट्याने करता येते. नातं जुळायला दोघं लागतात आणि विश्वास लागतो.

तरी तिची भीती जाईना. "पण शास्त्रात असं कुठे आहे? क्षमा केली आणि परत गेला नाही, असं कोण आहे?" हा प्रश्न तिने विचारला तेव्हा मला मनातून फार बरं वाटलं, कारण आता ती स्वतः शोधत होती. मी बायबलातल्या 'पहिले शमुवेल'चा चोविसावा अध्याय उघडून पुस्तक तिच्याकडे सरकवलं. वाच म्हटलं, मोठ्याने.

शौल राजा आपल्याच सरदाराच्या, दाविदाच्या, जिवावर उठलेला. एन-गेदीच्या गुहेत तो एकटा दाविदाच्या हाती सापडतो. दावीद त्याला मारत नाही, फक्त झग्याचा काठ कापतो. मग बाहेर येऊन लवून नमस्कार करतो आणि त्याचा अपराध सगळ्यांसमोर स्पष्ट शब्दांत मांडतो. परमेश्वर आपल्या दोघांचा न्याय करो, पण माझा हात तुझ्यावर पडणार नाही, असं म्हणतो. शौल गळा काढून रडतो, तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस म्हणतो. दावीद त्याला शपथही देतो. हे सगळं ती भराभर वाचत गेली. शेवटच्या ओळीवर मात्र थबकली. शौल आपल्या घरी गेला, आणि दावीद व त्याची माणसं गडावर गेली.

"गेला नाही ओ हा त्याच्याबरोबर!"

"पुढे सव्विसावा वाच."

सव्विसाव्या अध्यायात तोच शौल तीन हजार माणसं घेऊन पुन्हा पाठलागावर आहे. दावीद पुन्हा त्याचा जीव घेत नाही, फक्त भाला उचलून नेतो. पुन्हा शौल म्हणतो, माझ्या मुला दाविदा, परत ये, मी तुला पुन्हा इजा करणार नाही. दावीद त्याचा भाला न्यायला माणूस पाठव म्हणतो आणि आपल्या वाटेने निघून जातो.

"रडण्यावर त्याने भरवसा ठेवला नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे पण असंच आहे. देणं सोडलं तरी त्याच माणसाचा नवा अर्ज आला की जुनं खातं मी काढतेच. नाही काढलं तर साहेब मला विचारतील."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

त्यानंतर नवऱ्याचा माफीचा निरोप आला. तिने उत्तर पाठवलं: तुझं देणं मी सोडलं आहे, तुझं वाईट चिंतत नाही. परत येण्याचं आत्ता विचारू नकोस. काकांना तिने हा अध्याय वाचायला सांगितला. पुढच्या रविवारी ती प्रार्थना तिने पूर्ण म्हटली.

इतर जणींसाठी इथे थोडं स्पष्ट लिहिते. पश्चात्ताप खरा आहे का, हे अश्रूंवरून ठरवू नका. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन असं म्हटलं. नवरा दारू सोडण्यासाठी उपचार घेतो का, मुलाचा खर्च न मागता पाठवतो का, 'मी मारलं' हे चर्चच्या पाळकांसमोर 'पण'शिवाय म्हणतो का, हे पाहा. आणि यालाही काही महिने जाऊ द्या.

घटस्फोटाबद्दल मंडळ्यांत एकमत नाही, हे मी लपवत नाही. रोमन कॅथलिक शिकवण वैध ख्रिस्ती विवाह मोडत नाही असं मानते. पण 1983 च्या त्यांच्या धर्मकायद्याच्या संहितेतही जोडीदाराकडून जिवाला वा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कुणी फक्त व्यभिचार आणि टाकून जाणं एवढीच कारणं धरतात, कुणी छळही धरतात. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 'देवाला सूटपत्राचा (म्हणजे घटस्फोटाचा) तिटकारा आहे' हे वचन बायकांना ऐकवलं जातं, पण मलाखी तिथे तरुणपणीच्या पत्नीशी विश्वासघात करणाऱ्या पुरुषांना झापतो आहे. कायद्याचं म्हणाल, तर 1869 च्या घटस्फोट कायद्याखाली ख्रिस्ती बाईला नुसत्या छळाच्या आधारावर घटस्फोट मिळत नसे. 2001 च्या दुरुस्तीनंतर मिळू लागला. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे, त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. आज रात्री जिवाला धोका असेल तर समुपदेशकाची वाट पाहू नका, 112 किंवा महिलांसाठीच्या 181 क्रमांकावर फोन करा.

त्या मुलीने घटस्फोटाचा अर्ज केलेला नाही. अशा छळानंतर घटस्फोट घेणं मला पाप वाटत नाही. तिला मात्र प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पटतं, की वेगळी झाली तर तिने तसंच राहावं किंवा समेट करावा. या बाबतीत आमची मतं जुळत नाहीत आणि आम्ही ते एकमेकींना सांगितलंय. वेगळं राहायचं आणि मुलाच्या खर्चासाठी कोर्टात जायचं, असं तिने ठरवलं. अर्ज दाखल झाला आहे. तारखेला आई तिच्याबरोबर जाणार आहे.